यंत्र लातूरला, कॅसेट नांदेडला

पत्र्याचा डबा उघडला की अजून सोल्डरिंगच्या पेस्टचा वास येतो. डब्यात बटणं आहेत, तुटलेल्या माळेचे मणी आहेत, जुन्या रेडिओचं स्टेशन फिरवायचं चाक आहे, आणि सगळ्यांत खाली, निळ्या ब्लाउजपीसच्या तुकड्यात गुंडाळलेली एक पिवळी कॅसेट आहे. गाण्यांची नाही. टीव्हीला यंत्र जोडून खेळायचा जो खेळ असायचा, त्याची. तिच्यावरचं चित्र विटून गेलंय. लाल कपड्यांतली एक मुलगी, मागं डोंगर, आणि वर जपानी अक्षरं. वाळवणावर चिमण्यांचे पाय उमटावेत तशी.

डबा मी काल परत उघडला. त्याचं कारण माझी लेक मुक्ता. ती टीव्हीसमोर बसून खेळता खेळता सहज बोलली, की लातूरच्या काकू घर रिकामं करून राहिल्यात. दिवाळी झाली की पुण्याला मुलाकडं जाणार, कायमच्या. माळ्यावरचं सगळं सामान भंगारात देणार. मुक्ताचं बोलून झालं आणि ती परत खेळायला लागली. माझी पोळी तव्यावर करपली.

लातूरच्या काकू म्हणजे माझी थोरली जाऊ. अक्का. वाटणी झाली तेव्हापासून आमचं बोलणं नाही. लग्नाकार्यात समोर आलो तर ती एका खांबापाशी, मी दुसऱ्या. भाऊजी, म्हणजे अक्काचे मालक, वारले तेव्हा आम्ही गेलो होतो. बायकांच्या गर्दीतून अक्कानं माझ्याकडं एकदा बघितलं. मी उठून तिच्याजवळ जाऊन बसायला पाहिजे होतं असं सगळेच म्हणतील. पण मला लहानपणापासून दहा माणसांत उठून उभं राहता येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा मला एका गोष्टीचा आनंद झाला होता, की आता गुरुजी उभं करून वाचायला लावणार नाहीत.

त्या लातूरच्या माळ्यावर एक यंत्र आहे. ही कॅसेट त्या यंत्राशिवाय चालत नाही, आणि ते यंत्र हिच्याशिवाय.

मुक्ता जो खेळते तो याच खेळाचा नवा भाग आहे. विष्णुपुरीच्या कॉलेजातून शिकून बाहेर पडली, आता घरूनच कंपनीचं काम करते, आणि काम संपलं की हा खेळ. नव्या भागात मुलीचे केस वाऱ्यानं उडतात, एकेक बट सुटी. ती नदीतून चालली की कपड्याचा काठ ओला होतो आणि काठावर आली की हळूहळू वाळतो. डोंगरावर ऊन सरकताना दिसतं. मुक्ता म्हणते, आई, बघ की किती खरं वाटतंय. खरं वाटतंय हे खरंच. तरी ते बघताना मला आमच्या जुन्या खेळातली मुलगी आठवते, जी बाजरीच्या दाण्यापेक्षा थोडीच मोठी होती. तिला केस नव्हते, डोक्याच्या जागी काळा ठिपका होता. तिला वारा लागायचा नाही. पण तिला ऊन लागत असेल असं वाटून अक्का तिला झाडाखालून न्यायची.

नांदेडला आमचं घर चौफाळ्याच्या मागच्या बोळात होतं. पुढच्या खोलीत दोघा भावांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. घराला सोल्डरिंगचा वास कायम. वरणात तोच, अंथरुणात तोच. माहेरी मुखेडकडं गेले की आई म्हणायची, तुझ्या लुगड्याला कशाचा वास येतोय गं. मला स्वतःला तो येईनासा झाला होता.

ते यंत्र दुकानात दुरुस्तीला आलं आणि त्याचा मालक परत आलाच नाही. पांढरट डबा, त्याला दोन वायरी, वायरींना दोन रिमोट. एका रिमोटची वायर पुढं उंदरानं कुरतडली. वरच्या खाचेत ही एकच कॅसेट. यंत्र दुरुस्त करून भाऊजींनी वाट पाहिली, मग ते आतल्या खोलीतल्या टीव्हीवर ठेवून दिलं. कुणी नेलं तर नेलं. एका दुपारी पुरुष जेवून दुकानात गेले, आणि अक्का मला म्हणाली, "ये इकडं. हे काय बोंबलतंय बघू."

तिनं बटण दाबलं. काहीच आलं नाही. तिनं कॅसेट काढली, चुलीला फुंकर घालावी तशी तिच्या तोंडात फुंकली, परत बसवली. आणि मग ते संगीत सुरू झालं. एक घंटा, मग पाण्याच्या थेंबांसारखे सूर, मग परत घंटा. मी त्या आधी कधी असं ऐकलं नव्हतं. जेवणाची उष्टी भांडी तशीच राहिली.

अक्का उदगीरकडची. बोलताना मधेच कानडी शब्द यायचे, आणि हसली की अख्खी हलायची. नवी नवरी असताना मी तिला अहो-जाहो करायची. ती म्हणाली, "तुमी मारा, तुमी पळा, असं करत बसलीस तर तंवर राक्षस खाऊन टाकील. खेळताना तू म्हन." मग चार माणसांत ती तुम्ही आणि दुपारी तू.

पडद्यावर जे लिहून यायचं ते जपानीत. अक्का सातवी शिकलेली, मी चौथी, भाऊजी आयटीआय. सगळ्यांना सारखंच येत नव्हतं. मला त्याचं फार बरं वाटायचं. घरात कुठलाही कागद आला की मी आत निघून जायची, कुणी वाच म्हणेल म्हणून. या एकाच ठिकाणी मी अक्षरांकडं न घाबरता बघत बसायची.

वाचता येत नव्हतं म्हणून गोष्ट आम्हीच लावली. लाल कपड्यांतली मुलगी ही सासुरवाशीण. ती माहेरी निघालेली. तिच्या मागं निळा, तो मुराळी, म्हणजे तिला न्यायला आलेला भाऊ. त्याच्या मागं काठीवाला म्हातारा, तो सासरा. ही परत यावी म्हणून सोबत पाठवलेला. शेवटी एक पिवळं बुटकं. ते मूल आहे की शेरडू यावरून आमचं कधी एकमत झालं नाही. चौघं एकामागोमाग एक चालायचे. मुलगी वळली की तिघं तिथंच येऊन वळायचे, बांधावरून जाणाऱ्या बायकांसारखे.

गावात शिरलो की अक्का प्रत्येक घरात जायची, प्रत्येक माणसासमोर उभी राहून बटण दाबायची. तो काहीतरी बोलायचा. मग दुसरा. मी म्हणायची, अक्का, पुढं जाऊ की. ती म्हणायची, गावातून निघताना निरोप न घेता निघतंय का कुणी? त्यामुळं आमचं एक गाव संपायला दोन-दोन दुपारी जायच्या. निघताना परत सगळ्यांचा निरोप. आता मुक्ताला बघते तर ती गावातून पळत जाते. माणसं हात करतात, बोलतात, अगदी तोंड हलवून बोलतात, आणि ती बटण दाबून त्यांचं बोलणं कापते.

राक्षस आले की सगळे समोरासमोर रांगेत उभे राहायचे. आधी एकानं मारायचं, मग पुढच्यानं, मग राक्षसाची पाळी. अक्काला हे फार आवडलं. "एकाचं मारून झाल्याबिगर दुसरा हात उचलत न्हाई," ती म्हणाली, "आपल्या घरात असं पायजे होतं." नव्या भागात पाळी नाही. सगळे एकदम धावतात, नुसता उजेड आणि आरडाओरडा. कुणी कुणाला मारलं ते मला कळत नाही. मुक्ताला कळतं.

पुढं एका धर्मशाळेत आम्हाला पाचवा भेटला, हिरवा. पण सोबत चौघंच चालू शकायचे. एकाला धर्मशाळेत ठेवायला लागायचं. अक्काला ते सोसेना. ज्याला मागं ठेवलं तो खिडकीत उभा दिसायचा, एकटाच, जागच्या जागी पाय हलवत. म्हणून तिनं नियम केला. रोज एकानं राहायचं, दुसऱ्या दिवशी त्याला घ्यायचं आणि दुसऱ्याला ठेवायचं. त्यासाठी परत तिथवर चालत यायचं. एवढं चालणं झाल्यामुळं वाटेतले राक्षस आम्हाला बघून पळायला लागले.

आणि विहीर. प्रत्येक गावात एक विहीर, विहिरीवर पांढऱ्या केसांची एक म्हातारी. तिच्यासमोर उभं राहिलं की ती पाणी पाजायची, घंटा वाजायची, आणि तिथवरचं सगळं जपलं जायचं. यंत्र बंद केलं तरी उद्या तिथूनच सुरू. पण विहिरीआधी लाईन गेली तर सगळं गेलं. आणि लाईन तर जायचीच. उन्हाळ्यात दुपारी कूलरमधला वाळा वाळून जायचा, यंत्र तापून भाकरीसारखं व्हायचं, त्याच्याखाली आम्ही ओला पंचा ठेवायचो. पंखा जरा हळू झाला की अक्का ओरडायची, "विहीर गाठ, विहीर गाठ." मी रिमोट दोन्ही हातांत धरून ती चौघं पळवायची. श्रावणात वीज लखलखली की पडदा थरथरायचा. थंडीत उन्हाची तिरीप फरशीवर सरकत टीव्हीवर यायची आणि माणसं दिसेनाशी व्हायची. मग एकीनं पदर धरायचा, दुसरीनं खेळायचं. भिजवून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला केलेली असायची, दुपारच्या भुकेला. तिची हळद बोटांना, बोटांची रिमोटला. त्या रिमोटची बटणं पिवळी पडली होती.

एकदा चार दुपारींचं सगळं गेलं. विहिरीसमोर पोचलो होतो, म्हातारीनं तोंड उघडलं आणि लाईन गेली. आम्ही दोघी काळ्या काचेत आमचीच तोंडं बघत बसलो. अक्का म्हणाली, "तोंडातलं पानी काढून घेतलं की गं मेल्यांनी." आणि मग अशी हसत सुटली की दुकानातून भाऊजी विचारायला आले.

सुरुवातीला नाव घालायला लागायचं, लाल मुलीचं आणि मुराळ्याचं. पडद्यावर सगळी जपानी अक्षरं यायची, रांगांनी, पाट्यावर मांडल्यासारखी. अक्कानं लाल मुलीसाठी तीन निवडली. एक विळ्यासारखं, एक मासे धरायच्या गळासारखं, एक जिलबीसारखं. हे माझं नाव, ती म्हणाली. मुराळी माझा होता. मी दोन घेतली, एक छपराच्या उतारासारखं आणि एक शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन काड्यांसारखं. ती नावं काय वाचतात ते आम्हाला माहीत नव्हतं. पण राक्षस मारला की विळा-गळ-जिलबी असं उमटायचं आणि अक्का छातीवर हात ठेवायची.

त्या वर्षी हिवाळ्यात आम्ही शेवटच्या विहिरीपाशी पोचलो. पुढं समुद्र, समुद्रात बेट, बेटावर काळा वाडा आणि त्याचा मोठा दरवाजा. पुढं रस्ता नव्हता, म्हणजे खेळ तिथंच संपत असणार. तो वाडा कुणाचा यावर आम्ही दोन दिवस बोललो. अक्का म्हणाली, हे तिचं माहेर. मी म्हणाले, एवढा मोठा दरवाजा माहेराला नसतो. ती म्हणाली, उद्या आत जाऊनच बघू. म्हातारीचं पाणी पिलो, घंटा वाजली, यंत्र बंद केलं. चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गावाकडून चुलत सासरे आले. वाटणी करायला. कशामुळं, कुणाचं चुकलं, ते इथं लिहीत नाही. इतकंच आठवतं की अंगणात सगळ्या घरातलं सामान मांडलं होतं आणि घरच आजारी पडल्यासारखं दिसत होतं. हंडे एकीकडं, घागरी एकीकडं. दुकानातलं सामान आणलं. चुलत सासऱ्यांनी यंत्र उचललं, त्यातून कॅसेट निघतेय हे बघितलं, ती काढली, आणि एका हातात हे, एका हातात ते धरून म्हणाले, "दोन वस्तू, दोन भाऊ. भांडन कामून?" यंत्र थोरल्याच्या ढिगात गेलं, कॅसेट धाकट्याच्या. पंच म्हणून बसलेल्या दोघांनी माना हलवल्या, बरोबर झालं म्हणून. मी दारामागं होते. अक्का अंगणात होती. बोलायचं तर तिनं किंवा मी. माझा आवाज फुटला नाही. ती पण काही बोलली नाही, आणि अक्का गप्प राहिलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. फक्त निघताना तिनं तिच्या गाठोड्यातला ब्लाउजपीस काढून कॅसेटवर टाकला. धूळ बसू नये म्हणून असेल.

मग लातूर लातूरच राहिलं. तीन-साडेतीन तासांची एसटी, तरी मुलांच्या सुट्टीतही तिकडं कुणी गेलं नाही.

मधले भाग मी मुक्तामुळं बघितले. दुसरा, तिसरा कधीच बघितला नाही. चौथा तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी होता, तिला आणायला जायची तेव्हा मी दारात उभी राहून बघायची. त्यात माणसं मोठी झाली होती पण बाहुल्यांसारखी, पाय जमिनीला टेकायचे नाहीत. विहीर होती, म्हातारी होती. तिचं तोंड फक्त दगडासारखं होतं. सातवा तिनं कॉलेजात असताना हॉस्टेल सोडून जाणाऱ्या मैत्रिणीकडून यंत्रासकट आणला. त्यात समुद्र खरा, लाटांचा आवाज खरा, पण विहीर नुसती शोभेची, जवळ गेलं तर काही होत नाही. मी मुक्ताला म्हणाले, तिथं थांबून बघ की. ती म्हणाली, काही नाही गं आई तिथं. तरी माझ्यासाठी तिनं एकदा थांबून दाखवलं. काही नव्हतं.

आणि हा नवा. यात म्हातारी परत आलीय, सुरकुत्यांसकट, बोटांतल्या शिरांसकट. पाणी ओंजळीत ओतते तेव्हा थेंब गळताना दिसतात. पण कुणाला तिच्याकडं जायची गरज नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक चाक फिरतं आणि सगळं आपोआप जपलं जातं. कधी जपलं ते कळतही नाही. मुक्ता कुठंही उठून जाते. तिला विचारलं, काल कुठं थांबली होतीस, तर तिला सांगता येत नाही. मला इतक्या वर्षांनीही सांगता येतं. शेवटची विहीर, डाव्या अंगाला दोन झाडं, समोर समुद्र, मुराळी दुसरा आणि पिवळं धर्मशाळेत. त्या दिवशी राहायची पाळी त्याची होती.

एकदा मुक्ता म्हणाली, आई, तुमच्या त्या पहिल्या भागाचं भाषांतर कुणीतरी केलंय. गोष्ट काय आहे सांगू? ती म्हातारी काय म्हणते ते पण आहे. मी म्हणाले, नको.

काल डबा उघडून मी ह्यांच्यापुढं कॅसेट ठेवली. माझे मालक हे, दुकान आता मोबाइलचं झालंय, पण चष्मा चढवून बारीक काम अजून करतात. त्यांनी कॅसेट हातात फिरवली. म्हणाले, आत एक सेल असतो, त्याच्यावर तुमचं सगळं जपून राहिलेलं असतं. सेल मेला असला तर काहीच नसणार. मी विचारलं, मेलाय का ते उघडून बघता येतं का. ते म्हणाले, उघडून सेल बदलला तर आत जे असंल ते पुसतंय. न उघडता मशीनमधी घालून बघायचं, एवढंच. कॅसेट परत देताना त्यांनी विचारलं नाही की मशीन तर लातूरला. फक्त म्हणाले, सकाळची गाडी रिकामी असती.

फोन करायला मला धीर नव्हता. फोनवर गप्प बसलं तर समोरच्याला वाटतं लाईन तुटली. समोर जाऊन गप्प बसता येतं. म्हणून आज सकाळी मी एकटी एसटीत बसले. लोहा, अहमदपूर, चाकूर. पिशवीत कॅसेट आणि डब्यात सुशीला. सोयाबीन काढून झालेली रानं खिडकीतून जात होती आणि मी मनात वाक्य लावत होते. अहमदपूरला लावलेलं वाक्य चाकूरला मोडलं.

भाऊजींच्या वेळी आलेला रस्ता आठवत नव्हता; गंजगोलाईच्या मागं, विचारत विचारत घर सापडलं. दार उघडंच होतं. आत गाठोडी, बांधलेल्या गाद्या. अक्का खाली बसून दोरी सोडवत होती. अंगानं अर्धी झालेली.

"कोन हाय?" ती म्हणाली.

"मी."

"मी म्हंजी कोन? मला एकाच डोळ्यानं दिसून राहिलंय. नाव सांग."

"नांदेडची."

तिनं दोरी खाली ठेवली. बराच वेळ माझ्याकडं बघितलं, आधी एका डोळ्यानं, मग मान वळवून दुसऱ्यानं. लावलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. ती म्हणाली, "वाट चुकलीस का?" मी मान हलवली. ती उठली, माठातून तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. मी सगळं पाणी पिले. मग पिशवीतून ते निळं बोचकं काढून तिच्यापुढं ठेवलं.

तिनं ते बोटांनी चाचपलं. "हा ब्लाउजपीस माझा हाय," ती म्हणाली.

"हाव."

"इतक्या वर्षांनी आलीस, ते बी या मेल्या खेळासाठी."

"तुमी चाललात म्हणून," मी म्हणाले. तेवढंच जमलं.

अक्का स्टूल सरकवून म्हणाली, माळ्यावर चढता येतंय का अजून. मी चढले. माळ्यावर सगळ्यावर धुळीचे थर, पण यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीच्या आत भरतकामाच्या रुमालात. रिमोटची बटणं अजून पिवळी. यंत्र घेऊन मी खाली उतरले. कोपऱ्यात भाऊजींच्या दुकानातला जुना टीव्ही होता, तो चापट मारल्यावर लागला. वायर कुठं जोडायची ते आम्हा दोघींनाही विचारायला लागलं नाही. अक्कानं कॅसेटच्या तोंडात फुंकर घातली.

घंटा वाजली. मग थेंबांसारखे सूर.

ती पडद्याच्या अगदी जवळ बसली होती, तरी तिला नीट दिसत नव्हतं. मला दिसत होतं. पूर्वी तिथं दोन ओळी यायच्या, खालची ओळ आमची, जपून ठेवलेली. आता एकच ओळ होती. बोळातून भंगारवाल्याची हाक आली आणि अक्का पडद्यावरची मान न वळवता ओरडली, "आज न्हाई!" मग मला म्हणाली, "विहीर आली का?"

"न्हाई अक्का. खालची ओळ न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"गेलं सगळं. पहिल्यापासून हाय."

तिच्या हातात रिमोट होता. समुद्र, बेट, काळा दरवाजा, कुणाचा वाडा ते आता कधी कळणार नव्हतं. मला वाटलं आता ती यंत्र बंद करील, आणि मग मला निघायला लागेल. मी पिशवीचे बंद हातात घेतले.

तेवढ्यात तिचा अंगठा हलला. पडद्यावर अक्षरांची रांग आली. ती पडद्याकडं बघतही नव्हती, खिडकीकडं तोंड होतं. अंगठा जपमाळ ओढावी तसा चालला होता, उजवीकडं, खाली, परत उजवीकडं. एक अक्षर उमटलं. विळा. मग गळ. मग जरा थांबून, जिलबी. तिनं रिमोट माझ्या मांडीवर ठेवला.

"आता तुझं घाल."

मी छप्पर घातलं, दोन काड्या घातल्या. पडदा पुसल्यासारखा दिसत होता, माझ्याच डोळ्यांमुळं.

दुपारभर आम्ही खेळलो. मी खेळायची आणि काय चाललंय ते तिला सांगायची. बोलायला मला कुठं अडलं नाही. तिनं मला पहिल्या गावातल्या प्रत्येक माणसासमोर उभं केलं. सुशीला एकाच ताटलीत खाल्ली. पुण्याला लिफ्टचं घर आहे, खाली माणसंच दिसत नाहीत, ती म्हणाली. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तिथं करणार आहेत. मी भाऊजींचं नाव काढलं तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी तुला बघून बरं वाटलं होतं." मी म्हणाले, मी काहीच बोलले नव्हते. ती म्हणाली, "तू कधी बोलतीस?"

पहिल्या विहिरीवर म्हातारीनं पाणी पाजलं. अक्का म्हणाली, "काय म्हनती ही, कळलं का शेवटी?"

"मुक्ता सांगत होती. मी ऐकलं न्हाई."

"बरं केलंस. तिला काय सांगायचं ते तिचं तिला ठावं."

मग मी तिला सेलचं सांगितलं. म्हातारीनं पाणी पाजलं तरी आता काही जपलं जाणार नाही. यंत्र चालू आहे तोवरच सगळं आहे. बंद केलं की गेलं.

"मग बंदच करायचं न्हाई," अक्का म्हणाली. "तू जा तुझ्या गाडीला. मी बसती इथं राखण."

माझा नंबर मोठ्या आकड्यांत कागदावर लिहून देऊन मी निघाले तेव्हा टीव्ही चालूच होता. विहिरीपाशी लाल मुलगी जागच्या जागी पाय हलवत उभी होती, मागं मुराळी, आणि समोर अक्का मांडी घालून, गाद्यांच्या बोचक्याला टेकून.

हे मी गाडीतून उतरल्यावर, घरी येऊन लिहितेय. येताना गाडीत, चाकूर मागं पडलं असेल, उन्हं कलली होती. फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. गाडीत सगळे बसलेले, मी एरवी उचललाच नसता.

"लाईन गेली," पलीकडून आवाज आला.

मी विचारलं, "सगळं गेलं?"

"सगळं. म्हातारी गेली, गाव गेलं, पंखा बी गेला. घामानं भिजून काळ्या काचेत माझंच तोंड बघत बसलीय." आणि ती हसायला लागली. तशीच, अख्खी हलून. ते फोनमधून पण ऐकू येतं. हसणं थांबल्यावर म्हणाली, "लाईन आली की नावं घालून ठेवती. कधी येतीस?"

पुढच्या सीटवरच्या बाईनं मान वळवून बघितलं, एवढ्या मोठ्यानं मी बोलले.

"गुरुवारी येते. तुझं घाल, अक्का. माझं मी येऊन घालीन."